सांथीच्या दिवसांत शेतकऱ्याचें घर

पाऊस केव्हां येईल हें आपल्या हातीं नसतें. परंतु तो येण्यापूर्वीं माळवदावर माती टाकणें, पन्हळी मोकळ्या करणें व वैरणीची गंजी शाकारून घेणें हें आपल्या हातीं असतें, आणि जाणता शेतकरी हीं कामें मृग निघण्याच्या आधींच उरकतो. रोगाच्या सांथीची गोष्ट याहून निराळी नाहीं. ती केव्हां येईल हें कोणासहि सांगतां येत नाहीं. पण ती आली असतां घराचें दार पंधरा दिवस किंवा महिनाभर लावून घ्यावें लागेल, हें आतां आपणां सर्वांस अनुभवानें ठाऊक झालें आहे. तेव्हां तें दार लावण्याची तयारी कशी करावी, याचा विचार सांथ नसतांनाच केला पाहिजे. प्रस्तुत लेखांत मंद्रूप व त्याच्या आसपासच्या गांवांतील शेतकरी कुटुंब डोळ्यांपुढें ठेवून हा विचार केला आहे.

मंद्रूप हें गांव सोलापुराच्या दक्षिणेस विजापूरच्या रस्त्यावर, सीना व भीमा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखांत वसलेलें आहे. भीमा ओलांडली कीं कर्नाटक लागतें. रस्ता वाहता, बाजार मोठा व दोन्हीकडील लोकांचें जाणें-येणें नित्याचें. त्यामुळें जो रोग माणसाबरोबर चालतो त्यास येथें पोंचण्यास वेळ लागत नाहीं.

मागील अनुभव

आपल्या पूर्वजांस सांथ म्हणजे काय हें चांगलें माहीत होतें. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईंत प्लेग उघडकीस आला आणि पुढें कित्येक वर्षें तो दक्षिणेंतील गांवोगांव फिरत राहिला. घरांत उंदीर मरून पडूं लागले कीं लोक गांव सोडीत व शेतांत झोपड्या घालून राहत. हें करणें शहाणपणाचें होतें, कारण प्लेगचें विष उंदरांच्या अंगावरील पिसवांतून येई. घर सोडलें कीं रोगाचें मूळहि मागें राही. पुण्याजवळ हडपसर येथें डॉ. यशवंत फुले यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं जो दवाखाना घातला तोहि गांवाबाहेर, ससाण्यांच्या मळ्यांत. तेथें रोग्यांची सेवा करीत असतां सावित्रीबाई फुले यांस प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. सेवा करणाऱ्यास स्वतःचें रक्षण करणें किती कठीण असतें, याची ही आठवण प्रत्येक घरानें मनांत ठेवावी.

१९१८ सालचा इन्फ्ल्युएंझा मात्र निराळ्या जातीचा होता. तो श्वासाबरोबर फिरे. त्याची मोठी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरांत, म्हणजे रब्बी ज्वारीच्या पेरणीच्या ऐन दिवसांत आली. त्यांतच त्या वर्षीं पाऊस दगा देऊन गेला होता. वीस ते चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसांवर त्या रोगाचा विशेष रोख होता. घरांत धान्य असो वा नसो, औत धरणारा माणूसच अंथरुणास खिळला म्हणजे शेताचें काय होतें, हें त्या पिढीनें पाहिलें.

कोरोनाहि याच दुसऱ्या जातीचा. २५ मार्च २०२० रोजीं देशभर टाळेबंदी सुरू झाली तेव्हां आपल्याकडे रब्बीची सुगी चालू होती. आठवडी बाजार बंद पडले. पुढें आषाढींत पंढरीची पायीं वारीहि थांबली आणि संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडींतून पंढरपुरास न्याव्या लागल्या. त्या पहिल्या वर्षीं रोगाचा जोर शहरांत अधिक दिसला. परंतु २०२१ च्या उन्हाळ्यांत दुसरी लाट खेड्यांत शिरली आणि एकेका घरांतील माणसें पाठोपाठ आजारी पडलीं.

या दोन अनुभवांतून एक भेद स्पष्ट होतो. प्लेगांत सगळ्या कुटुंबानें घर सोडावयाचें होतें. श्वासाच्या रोगांत कुटुंबानें घरींच राहून आजारी माणसास निराळें ठेवावयाचें असतें. दुसरें काम पहिल्याहून अवघड आहे, कारण तें एकाच छपराखालीं व एकाच चुलीवर करावें लागतें.

जागा

आपल्याकडील जुनीं माळवदाचीं घरें उन्हाळ्यांत थंड खरीं, पण त्यांच्या आंतल्या खोल्यांत वारा खेळत नाहीं. रोग्यास निजविण्यास अशी काळोखी खोली सर्वांत वाईट. बाहेरच्या अंगाची, खिडकी असलेली खोली किंवा पडवी आधींच ठरवून ठेवावी. माळवदांतील साणें पाऊस नसतां उघडें ठेवावें. कोरोनाच्या काळांत भिंती व दारें धुण्यावर व औषध फवारण्यावर पुष्कळ श्रम खर्च झाले. पण असा रोग मुख्यतः हवेंतून पसरतो हें आतां निश्चित झालें असल्यामुळें, फवाऱ्यापेक्षां उघड्या खिडकीचा उपयोग अधिक आहे.

ज्यांची शेतांत वस्ती आहे त्यांस जागेची अडचण कमी. परंतु रोग्यास रानांतल्या खोपींत एकटें नेऊन ठेवणें म्हणजे त्यास निराळें ठेवणें नव्हे. तें त्यास टाकून देणें होय. रात्रीं धाप लागली तर हांक कोण ऐकणार? निराळी जागा हांकेच्या टप्प्यांत असावी, तेथें दिवा व पाणी असावें, आणि फोन लागतो कीं नाहीं हें आधींच पाहून ठेवावें.

धान्य व पीठ

एका घरांत सहा माणसें धरूं. सरासरी माणशीं रोज ४०० ग्रॅम ज्वारी धरल्यास दिवसास २ किलो ४०० ग्रॅम व तीस दिवसांस ७२ किलो लागते. डाळ माणशीं ७० ग्रॅमप्रमाणें साडेबारा किलो, व गोडें तेल सुमारें पांच लिटर पुरतें. तीस दिवसांचा हिशेब धरण्याचें कारण असें कीं, पहिल्या रोग्याचे दिवस भरत येतात तोंच दुसरा पडतो, व घर पंधरा दिवसांत मोकळें होईल हा अंदाज बहुधा चुकतो.

शेतकऱ्याच्या घरीं ज्वारी असतेच. खरी अडचण पिठाची आहे. ज्वारीचें पीठ जुनें झालें कीं भाकरी थापतां येत नाहीं, ती चिरते. म्हणून महिन्याचें पीठ एकदम दळून ठेवतां येत नाहीं, आणि दार लावल्यावर गिरणीवर जातां येत नाहीं. याला तीन उपाय आहेत. घरांतील जातें टांकी लावून चालतें ठेवावें. शेजाऱ्याकडून आठवड्यास एकदां दळण आणविण्याचें ठरवावें. आणि आपल्या सोलापूर भागाची कडक भाकरी व शेंगाची चटणी करून डब्यांत भरून ठेवावी. नीट वाळवलेली कडक भाकरी कोरड्या डब्यांत कित्येक दिवस टिकते, व चूल पेटविण्याचें त्राण नसेल त्या दिवशीं तीच उपयोगीं पडते.

येथें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घरची बाईच रोग्याची सेवा करते, तीच स्वयंपाक करते, आणि म्हणून पुष्कळदां रोग तिलाच गांठतो. ती निजली म्हणजे कोठींत धान्य असूनहि घर उपाशी राहतें. तेव्हां घरांतील पुरुषांनीं व वाढत्या मुलांनीं भाकरी थापण्यास व वरण-भात रांधण्यास शिकून ठेवावें. यांत कमीपणा कसलाहि नाहीं.

वैरण व पाणी

दोन बैल व एक गाय असल्यास, जनावरामागें रोज सात किलो कोरडी वैरण धरून तीस दिवसांस ६३० किलो कडबा हाताशीं असावा. एक पेंढी वजन करून पाहिल्यास पेंढ्यांचा हिशेब आपोआप निघतो. हा कडबा गोठ्याजवळ असावा. दूरच्या रानांतील गंजी अशा वेळीं निरुपयोगी. प्रत्येक मोठ्या जनावरास रोज सुमारें ५० लिटर पाणी लागतें, तें धरूनच टांकीचा विचार करावा. माणसांच्या पिण्याच्या पाण्यांत दर हजार लिटरास अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर मिसळून तासाभरानें तें वापरावें. घरांत ताप असतां वर आणखी जुलाबांचें दुखणें नको.

कामाची सावड

आतां या लेखांतील मुख्य मुद्द्याकडे वळूं. घरांत धान्य आहे, निराळी खोली आहे, वैरण आहे, आणि तरीहि तिसऱ्या दिवशीं दार उघडतें, तें कशानें? गाय हंबरते म्हणून. धार काढावयास कोणी नाहीं, रात्रींची वीज आली पण मोटार सुरू करावयास कोणी नाहीं, तोडलेला भाजीपाला बांधावर सुकतो आहे. मग ताप अंगावर घेऊन माणूस उठतो, डेअरीवर जातो, चार जणांत मिसळतो, आणि रोग एका घरांतून चार घरांत जातो. शहरांतील माणसास दार लावण्यास धान्य व पैसा पुरतो. शेतकऱ्यास तेवढें पुरत नाहीं. त्याचें दार त्याच्या कामांनीं उघडें ठेवलेलें असतें.

याला उपाय आपल्याच रीतींत आहे. पेरणीस व काढणीस आपण सावड करतों. तशीच सावड सांथीसाठीं करावी. दोन किंवा तीन घरांनीं आधींच ठरवावें कीं, ज्याचें दार लागेल त्याच्या गोठ्याचें, पाण्याचें व बाजाराचें काम दुसऱ्यानें पाहावें. त्यासाठीं प्रत्येक घरानें एक वही करावी. कोणती गाय कोणत्या अंगानें धार देते, कोणाच्या हातीं पान्हा सोडते. मोटारीची कळ व पाइपाची चावी कोठें आहे. कोणत्या वाफ्यास कोणत्या दिवशीं पाणी द्यावयाचें. डेअरीचें खातें, देणें-घेणें, औषधांचीं नांवें, हें सर्व त्या वहींत लिहावें. आधारकार्ड, रेशनकार्ड व दवाखान्याचे कागद एका पिशवींत घालून ती पिशवी कोठें आहे तेंहि लिहावें. घरांतील कर्त्या माणसाच्या डोक्यांत जें असतें तें त्याच्या तापाबरोबर घरास दुर्लभ होतें. कागदावर असलेलें मात्र कोणासहि वाचतां येतें. आणि वर्षांतून दोन-चार वेळां खरोखरच एकमेकांच्या गाईची धार काढून पाहावी, म्हणजे जनावरांसहि परका हात ओळखीचा होतो.

रोग्याची सेवा

सेवेस एकच माणूस नेमावा. तो शक्यतों तरुण, निरोगी व लस घेतलेला असावा. म्हातारीं माणसें, मधुमेही व गरोदर बाया यांस त्या खोलीपासून दूर ठेवावें. खोलींत जातांना दोघांनींहि नाकातोंडावर मास्क लावावा. रोग्याचें ताटवाटी निराळें असावें. तें साबणानें धुतलें म्हणजे पुरे. घरांत तापमापक, ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉलच्या गोळ्या व क्षार-साखरेच्या पुड्या असाव्या. पुड्या नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें पाणी पाजावें. ज्यांस रक्तदाबाचें वा मधुमेहाचें औषध चालू आहे त्यांनीं महिन्याच्या गोळ्या शिल्लक ठेवाव्या. स्टेरॉईडच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यावांचून मुळींच घेऊं नयेत. २०२१ मध्यें काळ्या बुरशीनें अनेकांचे डोळे व जबडे गेले, त्यांत साखर वाढलेल्या व स्टेरॉईड अतोनात घेतलेल्या रोग्यांचा भरणा होता.

ऑक्सिमीटरचा आंकडा दिवसांतून तीन-चार वेळां वहींत लिहावा. तो ९४ च्या खालीं गेला, किंवा सहा मिनिटें चालल्यावर ३ हून अधिक उतरला, किंवा बोलतांना धाप लागूं लागली, तर घरचा उपचार संपला असें समजावें व १०८ वर फोन करावा. मंद्रूपांत ग्रामीण रुग्णालय आहे, व सोलापूरचें शासकीय सर्वोपचार रुग्णालय गाडीनें फार दूर नाहीं. गाडी येईपर्यंत रोग्यास पालथें निजविल्यास श्वासास मदत होते. ‘आज रात्र पाहूं, उद्यां जाऊं’ या एका वाक्यानें दुसऱ्या लाटेंत पुष्कळ घरें बुडविलीं.

गडी-माणसें व लाज

ज्यांच्याकडे सालगडी व रोजंदारीचे मजूर आहेत त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी आहे. गड्याचें घर एका खोलीचें असतें. ताप सांगितला तर मजुरी बुडेल या भीतीनें तो तो लपवितो, आणि आपल्याच गोठ्यांत येऊन काम करतो. त्याच्या आजारपणाच्या दिवसांची मजुरी व धान्य मिळेल असें मालकानें आधींच बोलून दाखविलें, तर ताप पहिल्याच दिवशीं कळतो. हा धर्म आहेच, परंतु ज्यांस केवळ व्यवहार कळतो त्यांच्या हिताचेंहि तेंच आहे.

ताप लपविण्याचें दुसरें कारण लाज. घरावर पाटी लागेल, लोक वाट टाळतील, लग्न मोडेल, अशा भयानें पुष्कळांनीं चांचणीच केली नाहीं. या बाबतींत आपल्याच भागांतील उदाहरण घेण्याजोगें आहे. मे २०२१ च्या अखेरीस मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं महाराष्ट्रास उद्देशून भाषण केलें, त्यांत गांव कोरोनामुक्त ठेवण्याच्या कामाबद्दल हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांबरोबर मोहोळ तालुक्यांतील घाटणें व आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यांतील अंत्रोळी या गांवांच्या तरुण सरपंचांचा गौरवानें उल्लेख झाला. रोग उघड बोलला गेला तरच गांवास तो आवरतां येतो. झांकलेला रोग आवरतां येत नाहीं.

शेतकरी बंधूंनो, सांथ गेली कीं माणूस तिला विसरतो, आणि विसरणें हें एका अर्थानें बरेंहि आहे. पण ज्वारी काढून झाल्यावर व पुढील पावसाच्या आधीं जे मोकळे दिवस मिळतात, त्यांतील एक दिवस या कामीं द्यावा. खोली ठरवावी, जात्यास टांकी लावावी, कडबा मोजावा, वही लिहावी, आणि संध्याकाळीं शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून सांथीच्या सावडीचें बोलून घ्यावें. पुढच्या वेळीं आपणांस दार लावावें लागलें, तर आपली गाय हंबरणार नाहीं; आणि शेजाऱ्यास लावावें लागलें, तर त्याची.