970 टन

होळीला मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या एका अंगणात बसलो होतो. डोक्यावरून मुंबईकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे एकामागोमाग सरकत होते. घरचा पोरगा म्हणाला, "ह्यांची गर्दी कमी व्हावी म्हणून आम्ही तिकडं पूल बांधतोय." हे 'तिकडं' म्हणजे डहाणू तालुक्यातलं साखरे. सण आटोपल्यावर मी तिथं गेलो.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे गर्डर इथं ओततात. लांबी 40 मीटर, वजन 970 टन. 42 टन सळई, 390 घनमीटर काँक्रीट आणि सगळं एकसंध. मग प्रचंड गाड्यांवरून नेऊन खांबांवर ठेवायचं. सुपरवायझर दर दोन वाक्यांनी "970 टन" म्हणत होते, जणू स्वतःच्या खांद्यावर वाहिले असावेत.

पोरगा सळई बांधतो. हातात हूक, कमरेला तारांची जुडी. दोन सळया एकमेकींवरून जातात तिथं तार घालायची, हूक अडकवून पिळा द्यायचा, की पुढची गाठ. दिवसभर वाकून. ओल्या सिमेंटचा वास त्याच्या शर्टाला, डब्यातल्या भाकरीलाही. "ओतल्यावर ह्यातलं काय दिसत नाय," तो म्हणाला आणि पुढच्या गाठीकडे सरकला.

विमानांची गर्दी कमी होण्याचं त्याचं म्हणणं कागदावर तरी खरं आहे. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तरी 11 नोव्हेंबर 2023 ला तिथं 1,032 उड्डाणांची ये-जा झाली. नवी मुंबईचं विमानतळ 2025 मध्ये सुरू झालं. त्याच वर्षीच्या राज्य अर्थसंकल्पात वाढवण बंदराजवळ तिसऱ्याचा प्रस्ताव आला. तिकडे जायला बुलेट ट्रेनचं बोईसर स्थानक, मुंबईतल्या बीकेसीपासून सुमारे 104 किलोमीटरवर. ताशी 320 च्या गाडीला ते अंतर किती! पण मला पटतं ते वेगळंच: अहमदाबादचे प्रवासी विमान सोडून या गाडीत बसले, तर वाढवणची वाट न पाहताही धावपट्टीवरचा भार हलका होईल. वाढवणचं विमानतळ आज कागदावर आहे. इथले 970 टन समोर दिसतात.

ओतलेल्या गर्डरवर पाणी मारायचं कामही कधी त्याच्या वाट्याला येतं. मोखाड्याच्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला रोज 45.5 कोटी लिटर पाणी जातं आणि उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरची वाट बघतात. पाइप हातात असला की आईचा हंडा आठवतो का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

सुट्टी कशी मिळते, एवढं विचारलं. मिळते, पण दोन दिवस वाटेतच जातात, म्हणाला. डहाणूहून जव्हार, जव्हारहून मोखाडा, पुढं खोडाळा. तिथून एसटी चुकली तर जीप भरेपर्यंत बसून राहायचं. आणि जीप दहा माणसं झाल्याशिवाय हलत नाही.