शरीरातला परका पाहुणा

अनवाणी चालणाऱ्याला बाभळीच्या काट्याचे कौतुक सांगायला नको. काटा मोडून आत राहिला की दोन दिवसांत जागा लाल होते, ठणकते, पू धरते. आणि बरेचदा त्या पुवाबरोबर काटा बाहेरही येतो. नाहीच आला तर भोवती टणक गाठ होते आणि काटा तिच्यात पडून राहतो. त्याला ढकलणारे किंवा असे कोंडून घालणारे कोण?

१८८२ साली इटलीतल्या मेसिना शहरी इल्या मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने हा प्रश्न धसास लावला. तारामाशाच्या कोवळ्या अळ्या काचेसारख्या आरपार दिसतात. त्यांच्या अंगात त्याने गुलाबाचे काटे टोचले, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, फिरत्या पेशींनी काट्याला गराडाच घातलेला! याच त्या भक्षक पेशी. आपल्या रक्तामांसातही त्या आहेत. शिक्षकबंधूंनी डबक्यातल्या पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली अमीबा पाहिला असेल, तर त्या कशा गिळतात हे निराळे सांगायला नको.

आता डॉक्टर लोक मुद्दामच परके पदार्थ शरीरात बसवतात. खुब्याचा सांधा, अंतर्गळाची जाळी, डोळ्यातले भिंग. भक्षक पेशींना हा काटा आणि तो सांधा यातला भेद काय कळणार? त्या धावून येतात. वस्तू गिळण्याजोगी नाही असे दिसले की पुष्कळजणी एकमेकींत मिसळून एक महाकाय पेशी होते आणि वस्तूवर आम्ल सोडते. तेही जमले नाही तर मागून तंतू विणणाऱ्या पेशी येऊन तिच्याभोवती जाड पिशवी शिवतात. साखर मोजण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या बारीक यंत्राला ही पिशवी जाचक होते, कारण अंगातला द्रव त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. सांध्याचे दुखणे वेगळेच. वर्षानुवर्षे घासून त्यातल्या प्लास्टिकची भुकटी पडते. ती भक्षक पेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग चिडून त्या असे रस सोडतात की शेजारचे हाड झिजू लागते आणि चांगला बसलेला सांधा खिळखिळा होतो.

सगळेच पदार्थ मात्र सारखे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या ॲक्रिलिक तावदानाचे तुकडे घुसले, आणि डोळ्याने ते मुकाट्याने सोसले. लंडनचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांनी हे हेरले आणि १९४९ साली त्याच पदार्थाचे भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवले. व्यवसायबंधूंनी त्यांना पुढे बरीच वर्षे विरोध केला. आपल्याकडे १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये स्वस्त भिंगे तयार होऊ लागली.

पूर्वी शोध असे तो शरीराच्या नजरेत न भरणाऱ्या पदार्थाचा. आताचा विचार निराळा आहे, आणि मला तो अधिक शहाणपणाचा वाटतो. पडकी भिंत दुरुस्त करायची तर आधी बेलदार येऊन पडझड उपसतात, मग गवंडी. भक्षक पेशी दोन्ही कामे जाणतात: आधी घाण साफ करणे आणि मग नव्या रक्तवाहिन्यांना, बांधणाऱ्या पेशींना बोलावणे. पहिल्या कामातच त्या अडकल्या तर जखम चिघळते किंवा पिशवी जाड होते. तेव्हा पदार्थ असा घडवायचा की त्या लवकर दुसऱ्या कामाला लागाव्यात. काही पदार्थांत तीस-चाळीस मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या साधारण निम्म्या जाडीची छिद्रे ठेवली तर रक्तवाहिन्या आत शिरतात आणि पिशवी पातळ राहते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. डुकराच्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी धुऊन काढून उरलेला सांगाडा जखमेवर लावतात. भक्षक पेशी तो हळूहळू खातात आणि त्याच्या जागी रुग्णाचे स्वतःचे मांस भरत जाते. धुणे अर्धवट झाले तर मात्र त्या चिडलेल्याच राहतात.

घरात कुणाला सळई किंवा जाळी बसवली असेल, तर पहिल्या काही दिवसांची थोडी सूज म्हणजे बेलदारांचे काम समजावे. पण ठणका वाढत गेला, ताप आला, पू वाहू लागला, तर ते जंतूंचे काम आहे. परक्या वस्तूवर जंतू बुळबुळीत थर करून राहतात आणि त्या थराखाली औषध नीट पोहोचत नाही. अशा वेळी हळद किंवा कसली पूड दाबत न बसता, ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे.