रॅकेट आपल्या हाताची

दिवाळी आटोपली आणि संध्याकाळच्या हवेत थोडासा गारवा आला, की आमच्या भायखळ्यात बॅडमिंटनचा हंगाम सुरू होतो. इमारतीच्या आवारातल्या गाड्या बाजूला सरकतात, चाळीच्या चौकात दोन बांबूंना जाळी बांधली जाते आणि चुन्याच्या रेषा ओढल्या जातात. लालबाग-परळ कबड्डीचे, शेजारचा नागपाडा बास्केटबॉलचा. बॅडमिंटन मात्र हल्ली सगळ्यांचाच झाला आहे. २०२२ साली भारताने थॉमस चषक जिंकला आणि त्या संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता. तेव्हापासून तर आठ-दहा वर्षांची मुलेसुद्धा रॅकेटचा हट्ट धरतात.

मी बरीच वर्षे संध्याकाळी आसपासच्या मुलांना हा खेळ शिकवतो, त्यांच्या रॅकेटना तारही ओढून देतो. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोणत्या कंपनीची घेऊ आणि किती रुपयांची?’ मला वाटते, हे दोन्ही प्रश्न नंतरचे. आधी विचारायला हवे ते असे: हिचे वजन किती, हिचा तोल कुठे, आणि हिची दांडी किती ताठ? या तीन गोष्टी समजल्या, तर हजार-दीड हजारांत चांगली रॅकेट मिळू शकते. नाही समजल्या, तर दहा हजार रुपये मोजूनही हाती दुखणे येऊ शकते.

आधी थोडे मागे जाऊ. या खेळाचे आणि आपल्या महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १८७० च्या दशकात पुण्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये तो इतका रुजला होता, की त्याला ‘पूना’ असेच नाव पडले होते. पुढे १९३३ साली सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये मलायात सेलांगोर स्पर्धा जिंकली. परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांनाच मिळाला. त्यांच्या काळातल्या रॅकेटा लाकडी चौकटीच्या होत्या, वजनाने शंभर ग्रॅमच्या बऱ्याच वर. ओलाव्याने चौकट वाकू नये म्हणून खेळून झाल्यावर रॅकेट लाकडी ‘प्रेस’मध्ये अडकवून, स्क्रू आवळून ठेवावी लागे. तेव्हा निवडीला फारसा वावच नव्हता. मग पोलाद आले, अ‍ॅल्युमिनियम आले आणि शेवटी कार्बनचे धागे राळेत बसवून केलेली ग्रॅफाइटची रॅकेट आली. वजन शंभराच्या खाली उतरले आणि कारागिराला ते हवे तिथे ठेवता येऊ लागले. निवडीचा प्रश्न तिथून सुरू झाला.

आता पहिली गोष्ट, वजन. गंमत अशी, की खेळाच्या नियमांत शटलचे वजन ठरवून दिले आहे, ४.७४ ते ५.५० ग्रॅम. रॅकेटची लांबी ६८० मिलिमीटर आणि रुंदी २३० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, हेही सांगितले आहे. पण रॅकेटच्या वजनावर बंधन नाही. बाजारात दांडीवर किंवा मुठीच्या टोपीवर ‘३ यू’, ‘४ यू’ अशी खूण असते. यूच्या मागचा आकडा जितका मोठा, तितकी रॅकेट हलकी. ३ यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४ यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम आणि ५ यू म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम. सगळ्या कंपन्या हीच अक्षरे वापरतात असे नाही, म्हणून सरळ ग्रॅमचा आकडाच विचारावा. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत फरक फक्त पाच ग्रॅमचा, म्हणजे साधारण एका शटलएवढा. एवढ्याने काय होते, असे कुणी म्हणेल. पण तासाभरात हात शेकडो वेळा फिरतो, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट तोल. घरातली हातोडी घ्या. आधी नेहमीसारखी दांड्याच्या टोकाला धरून हवेत इकडून तिकडे हलवा. मग उलटी करून लोखंडी डोक्याला धरा आणि तशीच हलवा. हातोडी तीच, वजन तेच, पण दुसऱ्या वेळी ती खेळण्यासारखी हलकी वाटेल. याचे कारण असे, की वजन हातापासून जितके लांब, तितके ते फिरवणे जड. आणि हा जडपणा साध्या हिशेबाने वाढत नाही. अंतर दुप्पट झाले, तर तेच वजन फिरवायला चौपट जड जाते.

रॅकेटचे हेच आहे. एखाद्या पेन्सिलीवर रॅकेट आडवी ठेवा आणि ती कुठेही न झुकता जिथे स्थिर राहील ती जागा शोधा. मुठीच्या तळापासून त्या जागेपर्यंत पट्टीने मोजा. हे अंतर साडेअठ्ठावीस ते साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या दरम्यान आले, तर रॅकेट समतोल म्हणायची. त्यापेक्षा जास्त आले तर डोक्याकडे जड, म्हणजे ‘हेड-हेवी’. कमी आले तर डोक्याकडे हलकी, ‘हेड-लाइट’. जड डोक्याच्या रॅकेटचा स्मॅश बोलतो, मागच्या रेषेपर्यंत उंच फटका मारायला तिची मदत होते. पण ती सावकाश वळते. दुहेरीत जाळीजवळ उभे राहणाऱ्याला शटल परतवायला अर्धा सेकंदही मिळत नाही. तिथे हलक्या डोक्याची रॅकेट झटकन समोर येते.

आता या दोन गोष्टी एकत्र करून पाहू, कारण दुकानात नेमकी इथेच गफलत होते. समजा, समोर दोन रॅकेटा आहेत. एक ८२ ग्रॅमची, तोल ३० सेंटिमीटरवर. दुसरी ८७ ग्रॅमची, तोल २८ सेंटिमीटरवर. हलकी कोणती? काट्यावर पहिली. पण आपण मूठ तळापासून साधारण आठ सेंटिमीटरवर धरतो, असे मानू. मग पहिलीचा ओढा ८२ गुणिले २२, म्हणजे १८०४, आणि दुसरीचा ८७ गुणिले २०, म्हणजे १७४०. काट्यावर पाच ग्रॅमने हलकी असलेली रॅकेट हाताला मात्र जास्त ओढते! म्हणून नुसते ‘४ यू द्या’ म्हणून भागत नाही. वजन आणि तोल ही जोडी एकत्रच विचारावी.

या जोडीला तिसरी गोष्ट जोडायची ती दांडीची. मूठ आणि जाळीचे डोके यांना जोडणारी जी बारीक दांडी, तिला शाफ्ट म्हणतात. हात जोरात पुढे येतो, तेव्हा रॅकेटचे डोके क्षणभर मागे राहते आणि दांडी वाकते. शटलला लागायच्या सुमारास ती सरळ होते आणि तिचा तो झटका फटक्यात मिसळतो. शटल तारांवर असते ते सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरतेच. म्हणजे दांडीचे काम शटल लागण्यापूर्वीच उरकलेले असते. ताठ दांडी वाकवायला हाताचा वेग लागतो. ज्याचा हात विजेसारखा फिरतो, त्याला ताठ दांडी अचूकता देते. त्याच्या हाती लवचिक दांडी दिली, तर डोके मागे राहते आणि फटक्याची दिशा चुकते. उलट ज्याचा हात अजून सावकाश फिरतो, त्याच्याकडून ताठ दांडी वाकतच नाही. तिची मदत शून्य, आणि सगळा जोर खांद्याला आणि कोपराला लावावा लागतो. ‘ताठ दांडी म्हणजे जास्त ताकद’ हा समज म्हणूनच अपुरा आहे. ताकद हाताची असते, दांडी ती वाहून नेते.

आमच्याकडे तेरा वर्षांची एक मुलगी खेळायला येते. वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून तिला मोठ्या हौसेने एका विजेत्या खेळाडूच्या जाहिरातीतली रॅकेट आणली. ८८ ग्रॅम, डोक्याकडे जड, दांडी अतिशय ताठ, आणि तार २७ पौंडांवर ओढलेली. तीन आठवड्यांत तिचे मागच्या रेषेपर्यंत जाणारे फटके मधल्या मैदानात पडू लागले. महिनाभराने ती म्हणाली, ‘काका, हात वर नेला की खांदा दुखतो.’ कुणीतरी सल्ला दिला, मुठीवर टॉवेलची पट्टी गुंडाळा, तोल खाली येईल. तोल खरेच खाली आला, पण दुखणे गेले नाही.

असे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. ८५ ग्रॅमच्या रॅकेटचा तोल साडेएकोणतीसवर असेल आणि मुठीच्या मध्यावर पाच ग्रॅमची पट्टी चढवली, तर तोल एक सेंटिमीटरहून अधिक खाली, २८.४ च्या आसपास येतो. पट्टीने मोजाल तर रॅकेट ‘हेड-लाइट’ झाली! पण वाढलेले पाच ग्रॅम हाताच्या मुठीतच आहेत. डोक्यातले वजन एका गुंजेनेही कमी झालेले नाही. फटका मारताना खांद्याला फिरवायचे आहे ते डोके, आणि ते होते तेवढेच जड आहे. तेव्हा तोलाचा आकडा पाहायचा तो दोन रॅकेटांची मूठ आणि पट्टी सारखी असतानाच. तारांचेही तसेच. तार ओढली की डोक्याकडे काही ग्रॅम वाढतात, म्हणून बिनतारेच्या रॅकेटची तुलना तार ओढलेल्या रॅकेटशी करू नये.

डॉक्टरांनी त्या मुलीला काही आठवडे विश्रांती दिली आणि व्यायाम सांगितले. खांदा दुखायला कारणे अनेक असतात. मारण्याची पद्धत, सरावाचा अतिरेक, व्यायामाआधी अंग न तापवणे. सगळा दोष रॅकेटवर टाकणे बरोबर नाही. पण परत आल्यावर मी तिला ८१ ग्रॅमची, समतोल, लवचिक दांडीची, २१ पौंडांवर तार ओढलेली साधी रॅकेट खेळायला दिली. हळूहळू तिचे फटके पुन्हा मागच्या रेषेपर्यंत पोहोचू लागले. तिने मला विचारले, ‘काका, महाग रॅकेट वाईट असते का?’ मी म्हणालो, ‘वाईट नव्हे. ती दुसऱ्या हातासाठी केलेली आहे.’

हे दुसरे हात कसे असतात, ते एका आकड्यावरून कळेल. चिरागचा जोडीदार सात्विकसाईराज रंकीरेड्डी याने २०२३ साली जपानमध्ये केलेल्या चाचणीत शटल ताशी ५६५ किलोमीटर वेगाने मारले आणि गिनीज बुकात नोंद झाली. तसा हात घडायला वर्षानुवर्षांची मेहनत लागते. त्या हातासाठी बनवलेली वस्तू शाळकरी मुलाच्या हाती दिली, म्हणून तो वेग येत नाही.

मग घ्यावे काय? नुकती सुरुवात असेल, तर ८० ते ८४ ग्रॅम किंवा त्याहून हलकी, समतोल किंवा किंचित हलक्या डोक्याची, लवचिक अथवा मध्यम दांडीची ग्रॅफाइटची रॅकेट घ्यावी. तार २० ते २२ पौंडांवर पुरे. कमी ताणाच्या तारेत नेम थोडा चुकला तरी फटका बरा बसतो. दहा वर्षांखालच्या लहानग्यांना आखूड रॅकेट मिळते, ती द्यावी. वर्ष-दोन वर्षे नियमित खेळून हात सरावला, की मग आपला खेळ पाहावा. मागून मारायला आवडते की जाळीजवळ? त्याप्रमाणे तोल बदलावा. दांडी सगळ्यात शेवटी बदलावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे काय मानवले ते कळते. पन्नाशीनंतर खेळायला उतरणाऱ्या मंडळींनाही मी हेच सांगतो. त्यांच्या खांद्याला लवचिक दांडी मानवते.

भायखळ्याहून धोबीतलावचा बाजार फार लांब नाही. मेट्रो सिनेमाच्या परिसरात खेळाच्या सामानाची दुकाने आहेत, तिथे गटिंगही करून मिळते. जाताना खिशात लहान पट्टी आणि एक पेन्सिल ठेवा. जो खेळणार आहे त्याला बरोबर न्या, रॅकेट त्याच्या हातात द्या. दोन-तीन रॅकेटा लागोपाठ डोक्यावरून फिरवून पाहायला सांगा. एक हात मुठीवर, दुसरा डोक्याच्या टोकावर ठेवून अगदी हळू वाकवून पाहा. कोणती दांडी जास्त वाकते, ते लगेच समजते. दांडीवर छापलेल्या ‘स्टिफ’ किंवा ‘मीडियम’ या शब्दांवर फार विसंबू नका, कारण एका कंपनीची मध्यम दांडी दुसऱ्या कंपनीच्या ताठ दांडीएवढी असू शकते. मूठही पाहा. धरल्यावर बोटांची टोके तळव्यात रुतत असतील तर ती बारीक आहे. बोटे तळव्यापासून फार लांब राहत असतील तर जाड आहे. बारीक मूठ पट्टी गुंडाळून जाड करता येते, जाड मूठ बारीक करता येत नाही.

आणि वाचलेल्या पैशांतून चांगले बूट घ्या. घोटा मुरगळला, तर कितीही चांगली रॅकेट महिनाभर खुंटीवर टांगून ठेवावी लागते.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)