‘भिलाई’ची अक्षरे किती? : नागरी चिन्हमाला आणि संगणकाची मोजणी

संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यास आकड्यांच्या बेरीज-वजाबाकीनंतर जो पाठ दिला जातो, तो मजकुराचा असतो. एखादा शब्द संगणकाच्या स्मृतीत ठेवावा, त्याची लांबी विचारावी, त्यातील पहिले चिन्ह वेगळे काढावे, तो उलटा करून पाहावा, असे त्या पाठाचे स्वरूप होय. एकापुढे एक मांडलेल्या चिन्हांच्या अशा ओळीस आज्ञावलीकारांच्या परिभाषेत ‘स्ट्रिंग’ म्हणतात; प्रस्तुत लेखात तिला चिन्हमाला म्हटले आहे. रोमन लिपीत हा पाठ सहज उरकतो. नागरीत मात्र तो पहिल्याच प्रश्नाशी अडतो, आणि तो प्रश्न यंत्राचा नसून व्याकरणाचा व छंदःशास्त्राचा आहे : अक्षर कशाला म्हणावे?

‘भिलाई’ हेच नाव उदाहरणादाखल घ्यावे. येथील पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही तेथील राजभाषा होत्या. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले, तोवर राज्यपुनर्रचना होऊन मराठीचा हा अधिकृत संबंध संपुष्टात आला होता. परंतु कारखान्यामुळे एका साध्या गावाचे नाव तीन लिपींत वावरू लागले. रोमनमध्ये त्याची सहा अक्षरे होतात, रशियनमध्येही सहाच. नागरी वाचणारा माणूस ती तीन सांगेल : भि, ला, ई.

पायथन ३ या भाषेत याच शब्दाची लांबी विचारली असता उत्तर येते पाच. सी भाषेतील प्रचलित आज्ञा, मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने साठविलेला असल्यास, पंधरा असे सांगते. दोन्ही उत्तरे आपापल्या परीने बिनचूक आहेत. युनिकोडमध्ये भ, र्‍हस्व इकाराची वेलांटी, ल, काना आणि ई यांना प्रत्येकी एक संकेतांक आहे, म्हणून पाच; यूटीएफ-८ मध्ये नागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट व्यापतो, म्हणून पंधरा. वाचकाचे तीन हे उत्तर मात्र या दोहोंपैकी कोणासही ठाऊक नसते.

येथे चौथी मोजणीही सांगितली पाहिजे. युनिकोड रुळण्यापूर्वी हिंदी प्रदेशातील कचेऱ्यांत व छापखान्यांत कृतिदेवसारखे टंक सर्रास वापरले जात; मराठी छपाईतही तशाच जातीचे टंक होते. त्यांत अक्षर नव्हे, तर अक्षराचा आकार साठविला जाई. कृतिदेवमध्ये ‘भिलाई’ लिहिताना आधी वेलांटी, मग अर्धा भ, त्याला जोडण्याचा काना, मग ल, काना, इ आणि शेवटी रफार अशा सात कळा दाबाव्या लागत. दीर्घ ई ही या व्यवस्थेत रफार दिलेली इ आहे! टंकलेखन यंत्राच्या हाताला हे सोयीचे होते, पण या रीतीने साठविलेल्या मजकुरात भाषा नसते, केवळ तिचे चित्र असते. त्या काळातील किती तरी मजकूर आज शोधता येत नाही, याचे कारण हेच.

याउलट, कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत १९८० नंतरच्या दशकात आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये जे काम झाले, त्याचे मूलतत्त्व उच्चारक्रम हे होते. ‘भि’मधील वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चारात भ् आधी येतो, ‘दुर्ग’मधील रफार ग-च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारात र् हा ग-च्या पूर्वी आहे. भारतीय लिपींचे ‘इस्की’ हे मानक १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले, ते याच क्रमाने. त्याच वर्षी अवतरलेल्या युनिकोडने आपली नागरीची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. हा निर्णय शास्त्रशुद्ध होता यात संशय नाही. मात्र संकेतांक वर्णांना व मात्रांना मिळाला, अक्षराला मिळाला नाही, आणि नवशिक्याचे सर्व घोटाळे या फटीतून निघतात.

शब्द उलटा करण्याचा परिपाठ पाहावा. ‘भिलाई’ संकेतांकांच्या क्रमाने उलटविल्यास प्रथम ई येते, तिच्यामागे निराधार काना, मग भ-ची वेलांटी ल-ला चिकटून ‘लि’, आणि अखेरीस उघडा भ. असा शब्द उच्चारताच येत नाही. ‘नवजीवन’ हा शब्द दोन्हीकडून सारखाच वाचला जातो हे शाळकरी मुलालाही कळते. आज्ञावली मात्र तो तसा नाही असा निर्वाळा देते, कारण उलटताना ज-चा ईकार व-वर जातो. वास्तविक हा खेळ आपल्याकडे जुना आहे. गोदातीरीच्या पार्थपूरचा सूर्यपंडित हा सोळाव्या शतकातील गणिती. भास्कराचार्यांच्या ग्रंथांवर त्याच्या टीका आहेत. त्याच्या रामकृष्णविलोमकाव्यात श्लोक सुलट वाचता रामाची आणि उलट वाचता कृष्णाची कथा निघते. त्याने उलटविले ते अक्षर, मात्रेसह आणि जोडाक्षरासह. चिन्हमालेचे एकक कोणते, हे त्या गणिती कवीला कोणी शिकवावे लागले नव्हते.

साहित्याच्या अभ्यासकास याची झळ लेखकसूचीत लागते. रोमन रिवाजात नावाचे पहिले चिन्ह काढले की आद्याक्षर मिळते. तीच आज्ञा विष्णु वामन शिरवाडकरांना लावली तर ‘वि. वा.’ऐवजी ‘व. व.’ हाती येते; पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे ‘प. ल.’ होतात, आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या वाट्याला नुसता ‘श’ व ‘क’. मराठी वाचकाच्या लेखी हे लेखकच नव्हेत.

समानतेचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तेथे चूक दिसत नाही. दरीचे अनेकवचन ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ हे भिन्न शब्द आहेत, हे मराठीचे वैशिष्ट्य. यांतील पहिल्या शब्दाचा अर्धा र, ज्याची आडवी रेघ पुढच्या अक्षराला जोडली जाते, तो युनिकोडमध्ये ऱ या स्वतंत्र संकेतांकाने लिहिता येतो, र-ला नुक्ता देऊन लिहिता येतो, आणि साध्या र-नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही लिहिता येतो. पहिल्या दोन रीती सामान्यीकरणाने एक करता येतात. तिसरी वेगळीच राहते. तसेच ‘ॲ’ला स्वतंत्र संकेतांक मिळाला २००८ साली, तत्पूर्वीचा मजकूर अ-वर चंद्र देऊन लिहिलेला आहे, आणि युनिकोड या दोहोंना समान मानीत नाही. कागदावर तंतोतंत सारखे दिसणारे शब्द संगणक परस्परांहून भिन्न ठरवितो. शब्दानुक्रमणी करणाऱ्याने लेखनरूपे आधी एक करून घेतली नाहीत, तर एकाच शब्दाच्या नोंदी दोन ठिकाणी विखुरतात. वर्णक्रमाचेही तसेच : मराठीच्या वर्णमालेत ळ हा ह-नंतर येतो, युनिकोडमध्ये तो ल-च्या लगेच पुढे आहे.

युनिकोडने वाचकाच्या दृष्टीने एक वाटणाऱ्या चिन्हगटाची व्याख्या बऱ्याच पूर्वी केली होती, परंतु तीत जोडाक्षर दुभंगत असे. ‘दुर्ग’चे दु, र्, ग असे तीन गट पडत. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत नागरीसह काही भारतीय लिपींसाठी नियम सुधारण्यात आला. तो पाळणाऱ्या साधनांत ‘दुर्ग’ दोन गटांचा झाला आणि ‘भिलाई’ तीनच राहिली. तरीही चिन्हगट म्हणजे छंदातील अक्षर नव्हे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात; ती मोजताना अन्त्य व्यंजनास स्वतंत्र स्थान नसते. ‘विद्वान्’ या शब्दाचे चिन्हगट तीन होतात, छंदाच्या हिशेबी अक्षरे दोन. आज्ञावली लिहिणाऱ्यास शेवटचा हलन्त वर्ण मागच्या अक्षरात मिळवावा, हा नियम स्वतःच घालून द्यावा लागतो.