लाटेविना सर्फिंग

सर्फस्केट हा स्केटबोर्डचाच प्रकार. फरक असतो तो पुढच्या ट्रकमध्ये. ट्रक म्हणजे फळीखालचा, चाकांची जोडी धरणारा धातूचा सांगाडा. साध्या बोर्डाचे दोन्ही ट्रक सारखेच वळतात. सर्फस्केटचा पुढचा ट्रक मात्र खूप जास्त वळतो, मागचा त्या मानाने स्थिर राहतो. त्यामुळे गुडघे वाकवून खांदे आणि कंबर डावी-उजवीकडे वळवत राहिलं, की पाय जमिनीला न लावताही वेग टिकतो, वाढतोसुद्धा.

१९९६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘कार्व्हर’ कंपनीमुळे हा प्रकार रुळला. तिच्या ‘सी ७’ ट्रकमध्ये स्प्रिंगवर फिरणारा दांडा असतो. वळण सैल, लाटेवरच्यासारखं. तिच्याच ‘सीएक्स’ ट्रकमध्ये स्प्रिंग नाही, म्हणून तो हलका आणि नवशिक्याला सोपा.

मुंबईच्या वरळी कोळीवाड्यात असा बोर्ड चालवायचा, तर किनारा खडकाळ, गल्ल्या चिंचोळ्या. बोर्डाला मोकळी जागा म्हणजे जवळच्या सी फेसचा पदपथ, तीही पहाटे, फिरायला येणाऱ्यांची गर्दी होण्याआधी. फरशांच्या सांध्यांवर कडक चाकं खडखडतात. ६५ ते ७० मिलिमीटर व्यासाची, कडकपणात ‘७८ए’च्या आसपासची, मऊ युरेथेन चाकं बरी. दोन ट्रकमधलं अंतर जितकं कमी, तितकं वळण चपळ. उंच माणसाला मात्र लांब फळीच सोयीची. खाऱ्या हवेत बेअरिंग लवकर गंजतात. ती वरचेवर पुसून त्यांना तेल द्यावं लागतं.