कोंडलेल्या कोंबडीला काम द्या



उसाची लागण, खोडवा, पाणी आणि खते यांविषयी या पानांत नेहमीच लिहिले जाते. या खेपेला परसातल्या कोंबडीविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही ठरविले. विषय लहान वाटेल. पण ज्या घरी पाच-दहा गावरान कोंबड्या आहेत, तिथल्या घरधनिणीला विचारून पाहा. उसाचे बिल बहुधा मालकाच्या खात्यावर जमा होते, दुधाचा पगार संस्थेच्या हिशेबातून येतो. अंड्याचा पैसा मात्र सरळ बाईच्या हातात पडतो. पोरांच्या वह्या, चहा-साखर, कुणाच्या लग्नातला आहेर त्यातून निघतो. हा पैसा आटला तर कुठल्या वहीत दिसत नाही, पण चुलीपाशी लगेच कळतो.

कोंबडी खुराड्यात का गेली?

पूर्वी सकाळी डालगे उचलले की कोंबड्या आपल्या वाटेने जात. उकिरडा, गोठा, खळे, बांध असे हिंडून दिवस मावळता त्या आपणहून परत येत. आता शिक्रापूरच्या आसपास तशी सोय राहिलेली नाही. एका बाजूने पुणे-नगर रस्ता आणि दुसऱ्या बाजूने चाकणचा रस्ता, दोन्हींवर गाड्यांची रीघ. सणसवाडी आणि रांजणगावच्या कारखानदारीमुळे वस्ती दाटली. परसाला लागून दुसऱ्याचे परस. "तुमच्या कोंबड्यांनी आमची मेथी उकरली," यावरून शेजाऱ्यांत बोलाचाली होतात.

मळ्यातल्या वस्तीवर निराळीच धास्ती. कालव्याच्या पाण्याने ऊस वाढला आणि उसात बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके जुन्नर वनविभागात येतात आणि चारही ठिकाणी बिबट्याचा वावर आहे. २०२५ साली आपल्याच तालुक्यात पिंपरखेडला जे घडले, त्यानंतर तिन्हीसांजेला कोंबड्या हाकायला पोराला कोण पाठवील? शिवाय मुंगूस, बोका आणि मोकाट कुत्री आहेतच. बर्ड फ्लूचीही भीती असते. २००६ च्या फेब्रुवारीत देशातली पहिली लागण आपल्या राज्यातच, नवापूरला सापडली आणि लाखो पक्षी मारावे लागले. अशी साथ आली की कोंबड्या बंदच ठेवाव्या लागतात.

तेव्हा कोंडणे चुकीचे नाही. पण नुसते कोंडून आणि दाणा-पाणी ठेवून भागत नाही.

कोंडल्यावर काय होते?

"खायला भरपूर घालतो, तरी मेल्या एकमेकींची पिसं उपटतात," अशी तक्रार आम्ही वस्त्यावस्त्यांवर ऐकली. आधी शेपटीची पिसे जातात, मग पाठ उघडी पडते. एखादीला रक्त निघाले की बाकीच्या तिथेच टोचत राहतात आणि ती मरते. कुणी आपलेच अंडे फोडून खाते. काही जणी लठ्ठ होऊन कोपऱ्यात बसतात व अंडी कमी होतात. घरातले म्हणतात, उष्णता झाली. कुणी म्हणते, नजर लागली. शेवटी बाजार गाठला जातो.

खरे कारण पुष्कळदा साधे असते. कोंबडी रिकामी असते.

तिची जात कशी आहे ते पाहू. घरगुती कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. हिमालयाच्या पायथ्याचे तराईचे रान आणि त्यापलीकडे आग्नेय आशियाची जंगले हे त्याचे घर. (आपल्या सह्याद्रीत दिसतो तो राखी रानकोंबडा.) पालापाचोळा उकरायचा, टोच मारून पाहायचे, पुढे सरकायचे, हाच त्याचा दिवसभराचा उद्योग. इंग्लंडमध्ये एका प्राणिसंग्रहालयातल्या मोकळ्या रानकोंबड्यांवर मॅरियन डॉकिन्स या शास्त्रज्ञ बाईंनी पाळत ठेवली. १९८९ साली त्यांनी जे मांडले त्यात असे दिसले की, कोंबड्या हिंडत्या-फिरत्या असताना जितकी मिनिटे मोजली त्यांपैकी सुमारे ६० टक्के मिनिटांत त्या जमिनीवर टोच मारत होत्या आणि ३४ टक्के मिनिटांत जमीन उकरत होत्या. विशेष हे की, त्यांना खाणे आयते मिळत होते.

१९७२ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला आणखी एक प्रयोग आहे. कोंबड्यांपुढे दाणा आयता ठेवला, आणि तोच दाणा काम करून मिळेल अशीही सोय केली. आयता समोर असतानाही कोंबड्या काम करून खात होत्या! म्हणजे भूक पोटाची असते तशी चोचीची आणि पायांचीही असते. माती मिळाली नाही की चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. हे जाणून युरोपीय संघाने १ जानेवारी २०१२ पासून रिकामे तारेचे पिंजरे बंद केले. तिथे पिंजरा वापरायचा झाला तरी त्यात अंडी घालायला आडोसा, उकरायला काहीतरी आणि बसायला दर कोंबडीमागे १५ सेंटिमीटर दांडी असावी लागते. आपल्या खुराड्यात हे सारे जवळजवळ फुकट होते. ते कसे, हे आता पाहू.

१) पाचटाची गादी

उसाचे पाचट आपल्याकडे ढिगाने आहे आणि ते जाळू नका असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. त्यातले कोरडे, स्वच्छ पाचट बोट-दोन बोट लांबीचे तोडून खुराड्याच्या तळाला चार ते सहा इंच पसरा. रोजच्या दाण्यातला मूठ-दोन मूठ दाणा (बाजरी, ज्वारी, मक्याचा भरडा) भांड्यात न घालता या पाचटात उधळा. कोंबड्या तासन् तास उकरतात. दुपारी चार वाजता पुन्हा थोडा उधळा. बाकीचे खाद्य नेहमीप्रमाणे भांड्यात द्यावेच. अंड्यावरची मोठी पोल्ट्रीची कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाते, गावरान त्याहून कमी. नुसत्या धान्यावर तिचे भागत नाही.

गादी आठवड्याला फावड्याने वरखाली करा. ओली झालेली जागा लगेच काढा. बुरशी आलेले पाचट किंवा ओला बगॅस कधीही घालू नका, त्याने छातीचा विकार होतो. जुनी गादी खड्ड्यात कुजवून मग शेतात टाकावी. ताजी विष्ठा पिकाला उष्ण पडते. कुजलेली गादी मात्र उसाला चांगले खत होते.

२) टांगलेली भाजी

कोबीचा गड्डा, पालकाची जुडी, शेवग्याचा पाला किंवा मेथीघासाची पेंढी सुतळीने बांधून कोंबडीच्या डोक्याच्या किंचित वर टांगा. ती हलते, म्हणून उडी मारून टोचावे लागते. जमिनीवर टाकलेली जुडी पाच मिनिटांत तुडवली जाते, टांगलेली बराच वेळ पुरते. गवत किंवा उसाचे वाढे द्यायचे तर अगदी बारीक कापून द्या. लांब चिवट धागा गळ्यातल्या पिशवीत अडकून कोंबडी दगावते. हिरवे बटाटे, खारट उष्टे आणि बुरसटलेली भाकरी देऊ नये. भाजीवर औषध मारलेले असल्यास ती अजिबात नको.

३) हुमणीची मेजवानी

हुमणीने उसाचे केवढे नुकसान होते ते सभासदांना सांगायला नको. नांगराच्या मागे बगळे आणि कावळे हुमणी वेचतात ते आपण पाहतोच. नांगरटीच्या दिवशी पोरांनी डबाभर अळ्या वेचून आणल्या तर शेताचे काम होते आणि कोंबड्यांना प्रथिनांचे खाणे मिळते. पाचटात सोडल्या की काय धांदल उडते ते पाहण्यासारखे असते! अट एकच: त्या शेतात हुमणीसाठी कीटकनाशक घातलेले नसावे.

वाळवी पकडण्याची जुनी युक्तीही आहे. मडक्यात वाळलेले शेण आणि कुजका कडबा भरून, थोडे पाणी शिंपडून, वारुळाजवळ पालथे ठेवतात. सकाळी आत वाळवी जमलेली असते. पिल्लांना ती फार आवडते.

४) धुळीची आंघोळ

कोंबडी पाण्याने नाही, धुळीने न्हाते. ती सरासरी दिवसाआड न्हाते आणि एका न्हाणाला जवळजवळ अर्धा तास घेते, असे अभ्यासात आढळले आहे. त्याने पिसांतले जादा तेल निघते आणि उवांचाही त्रास कमी होतो. जुने टायर किंवा दोन फूट लांब-रुंद खोके घ्या. त्यात कोरडा पोयटा, बारीक वाळू आणि चुलीतली लाकडाची चाळलेली राख भरा. प्लॅस्टिक जाळलेली राख चालणार नाही. पावसाळ्यात हे खोके छपराखाली, कोरडे राहील असे ठेवा.

५) दांडी, आडोसा आणि जागा

रात्री उंचावर बसणे हा कोंबडीचा स्वभाव आहे. बाभळीची किंवा लिंबाची दीड-दोन इंच जाडीची गुळगुळीत दांडी दोन वेगवेगळ्या उंचींवर बसवा. दर कोंबडीमागे अर्धा फूट तरी जागा धरा. चार-पाच कोंबड्यांमागे एक अंधारी टोपली अंडी घालायला हवी.

कोंबड्यांत मानपान असतो. कोण कुणाला टोचते याचा क्रम ठरलेला असतो. नॉर्वेतल्या श्येल्देरूप-एब्बे या अभ्यासकाने तो १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रथम मांडला. म्हणून खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे दुबळीलाही खाता येते. मधे एखादी पाटी उभी केली तर तिला लपायला आडोसा होतो. पोल्ट्रीत गादीवरच्या कोंबडीला दोन चौरस फूट धरतात. घरी दिवसभर कोंडायची तर चार तरी द्या. पुढे जाळीचे अंगण काढता आले तर फारच बरे. जाळी वरूनही बंद हवी. बिबट्या आणि बोका वरूनच उतरतात.

काय करू नये

टोचाटोची सुरू झाली म्हणून तापलेल्या विळ्याने चोच जाळू नका. चोचीला संवेदना असते; घरी केलेल्या जखमेने कोंबडीचे खाणेच सुटते. जखमी कोंबडी बरी होईपर्यंत वेगळ्या डालग्याखाली ठेवा. नवी कोंबडी आणली तर ती दोन-तीन आठवडे अगदी निराळी ठेवा, त्यानंतर काही दिवस जाळीआडून ओळख होऊ द्या. अंडे फोडायची सवय लागली तर अंडी दिवसातून दोनदा उचला आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्याचे कवच बहुतेक सारे चुन्याचेच असते आणि तो चुना कुठून तरी यावा लागतो. कोंडलेल्या कोंबडीला दाणा दळायला खडेही सापडत नाहीत, म्हणून मूठभर जाड वाळू द्यावी.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. मान वाकडी होणे, हिरवट पातळ विष्ठा, धाप लागणे, एकाएकी दोन-चार मरणे हा रिकामपणा नव्हे, तो रोग आहे. राणीखेतची लस वेळेवर टोचून घ्या आणि अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

करून पाहा

हे सगळे एकदम करायला नको. पहिल्या आठवड्यात पाचटाची गादी आणि उधळलेला दाणा, दुसऱ्यात राखेचे खोके, तिसऱ्यात दांडी. सकाळी दहा मिनिटे, दुपारी पाच मिनिटे. एवढा वेळ शाळेतली पोरेही आनंदाने देतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोजच्या अंड्यांचा आकडा लिहीत जा, म्हणजे फरक पडला की नाही हे सांगोवांगी राहणार नाही. महिन्याभराचा आकडा आणि आपला अनुभव गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याकडे द्यावा. माता-भगिनींनी तो अवश्य द्यावा, कारण खुराड्याचा कारभार त्यांचाच आहे. आलेली उपयुक्त माहिती आम्ही या पानांतून इतर सभासदांपर्यंत पोहोचवू.