न्हाणीचा उतार

फजरच्या वुजूसाठी उठलेल्या अम्मी न्हाणीत घसरल्या. मनगट मुरगळण्यावर निभावलं, अल्लाहचा शुक्र. कारण साबण नव्हता. रात्रीपासून कोपऱ्यात साचलेलं पाणी होतं. टाइल्स नव्या, चकचकीत. पण उतार जाळीकडे नव्हताच.

उतार टाइल्सखालच्या कोब्यात हवा. नुसता वरच्या मसाल्याने दिलेला उतार फसवा, कारण सांध्यांतून मुरलेलं पाणी खाली तसंच राहतं. फुटामागे पाव इंच धरा; जाळीपासून भिंत 4 फुटांवर असेल तर तिथे 1 इंच उंची. फार जास्त दिला तर स्टूल डगमगतं, आणि आपल्याकडे वयस्कर माणसं बसूनच वुजू करतात.

उताराचे तयार ट्रेही मिळतात. पण ट्रेचं भोक आणि पाइपाचं तोंड एका जागी यावं लागतं. जुन्या घरात ते क्वचितच जुळतं. आम्ही कोबाच केला. टाइल्स लहान आणि खरखरीत घ्या. मोठी टाइल चारही बाजूंच्या उतारावर नीट बसत नाही, तिरकी कापावी लागते. मोठीच हवी तर भिंतीलगत लांब जाळी बसवा, म्हणजे उतार एकाच दिशेने देता येतो.

वॉटरप्रूफिंग वाळल्यावर, टाइल्सआधी, जाळीचं तोंड बंद करून 2 इंच पाणी 24 तास ठेवा. आम्ही हे सांगितलं तेव्हा मिस्त्री रागावला. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याबाहेर ओल दिसली. त्याने मुकाट्याने तो कोपरा उकरला.